मदत हवी आहे: ओठ आतून चावला गेलाय, पांढरं दिसतंय

सायली_वाकड
खालचा ओठ आतून चावला गेलाय. काल संध्याकाळी थोडं रक्त आलं, मग थांबलं. आज सकाळी ओठ हाSS सुजलाय आणि जखमेवर पिवळट पांढरा थर आहे. हा पू आहे का? घरी काय लावू? सासूबाई म्हणतात हळद-मीठ चोळून तो थर काढून टाक. प्लीज लवकर सांगा, सकाळपासून पोटात काही नाही.

रानवारा
ओठ कोणाचा? वय? ताप आहे का?

जुनाजाणता
तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. आमच्याकडे दाढी करताना कापलं तरी तुरटी आणि तोंडात कापलं तरी तुरटी. दुसरं काही लागत नाही.

मृद्गंध
तोंड सारखं येत असेल तर बी-१२ तपासून घ्या. माझं फार कमी निघालं होतं. इंजेक्शनं घेतल्यापासून त्रास गेला.

सायली_वाकड
लेकाचा ओठ. ६ वर्षांचा आहे. ताप नाही. मृद्गंध, तोंड आलेलं नाही हो, चावलंय. तुरटी त्याला झोंबणार नाही का?

रानवारा
झोंबणारच. पण मला वेगळंच खटकतंय. चावलं की दुखतं, दुखलं की पोर सोडून देतं. इतकं सुजेपर्यंत कोण चावेल? पडला होता का? पुढचा दात हलतोय?

सायली_वाकड
पडला नाही. काल दुपारी खालच्या दाढेत सिमेंट भरून आणलं. घरी आल्यावर ओठ चघळत कार्टून बघत होता. मला वाटलं चाळा करतोय.

अकलदाढ
दाढ बधिर करायला इंजेक्शन दिलं होतं ना?

सायली_वाकड
हो. त्याचा काय संबंध?

अकलदाढ
सगळा संबंध तोच आहे. मी दातांचीच डॉक्टर आहे. खालच्या दाढेसाठी भूल दिली की त्या बाजूचा ओठही २ ते ४ तास बधिर राहतो. मुलांना ती जाणीव गमतीची वाटते, ती चावत राहतात आणि दुखत नसल्यामुळे थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि वर असा थर येतो. तोंडातली जखम सतत ओली असते, त्यामुळे बाहेरच्यासारखी कोरडी खपली धरत नाही. हा थर म्हणजे तिथली खपलीच. सासूबाईंना माझ्यातर्फे हात जोडून सांगा, चोळू नका. थर निघाला की पुन्हा रक्त येईल आणि पोरगं घर डोक्यावर घेईल.

बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून ५-१० मिनिटं धरा, थोड्या वेळाने परत. खाल्ल्यावर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरू दे, गिळू नये. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. ओठ कोरडा पडून चिरू नये म्हणून बाहेरून पेट्रोलियम जेली.

केवडा
बधिर करणारं जेल मिळतं ना मेडिकलमध्ये? तेच लावा, शांत होईल.

अकलदाढ
नको! बधिरपणामुळेच चावलंय, परत बधिर केलं तर परत चावेल.

जुनाजाणता
मुळात दुधाच्या दाढेत सिमेंट भरायचं कशाला? पडणारच आहे ती.

रानवारा
काका, मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात. तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली तर? आणि आधीच गेल्या तर खालच्या पक्क्या दाताची जागा बुजते. माझ्या मुलीचं तसंच झालं, आता तारा लावल्यात.

जुनाजाणता
आमच्या लहानपणी कोणी भरत नव्हतं.

केवडा
मध तरी चालेल ना? आई तोंडात काहीही झालं की मधच लावायची.

अकलदाढ
६ वर्षांचा आहे, बोटभर चालेल. १ वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊच नका. पण मुलाचे दात किडताहेत, रात्री लावून झोपवू नका.

सायली, यात काही दिसलं तर घरी थांबू नका: दाबून धरल्यावरही १०-१५ मिनिटांत न थांबणारं रक्त, ताप, सूज गालावर किंवा हनुवटीखाली पसरणं, पाणीही पीत नाही, किंवा जखम उघडी पडून मांस दुभंगलेलं दिसणं. एरवी आठवडा-दोन आठवड्यांत भरते. तरी ज्यांनी दाढ भरली त्यांना फोटो पाठवा.

सायली_वाकड
पाठवला. त्यांनीही हेच सांगितलं. पण काल बाहेर पडताना "बधिरपणा जाईपर्यंत काही खायला देऊ नका, ओठाकडे लक्ष ठेवा" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर मी त्याला कार्टून लावून स्वयंपाकाला गेलेच नसते. दुसरी दाढ पुढच्या महिन्यात भरायची आहे.

बर्फ धरू दिला. थंड मऊ दहीभात चार घास गेला, मीठ कमी घालून. सासूबाईंना थराचं वाचून दाखवलं, त्या आता त्याच्या शेजारी बसून बोट तोंडात घालू देत नाहीयेत.

मृद्गंध
तरी बी-१२ एकदा बघाच.