नाणेसंग्राहकाने नाण्यांचा व्यापारी व्हावे का?

ढब्बू:
नाणी जमवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहींनी नोकरीच्या जोडीला, तर काहींनी निवृत्तीनंतर, नाण्यांची खरेदी-विक्री सुरू केली आहे. माझे मत याच्या विरुद्ध आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढतो आहे.

जवळची डबल नाणी विकून किंवा बदलून हवे ते नाणे मिळवणे याला मी व्यापार म्हणत नाही. तो छंदाचाच भाग आहे. ज्या दिवशी माणूस स्वतःला नको असलेले नाणे केवळ पुढे विकता येईल म्हणून घेतो, त्या दिवशी तो व्यापारी होतो. दोन संग्राहकांच्या व्यवहारात दोघांनाही साधारण सारखेच ठाऊक असते. व्यापाऱ्याकडे माल येतो तो मात्र बहुतेकदा अशा घरांतून, जिथे आजोबांच्या मागे राहिलेल्या डब्यात नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो, १९३९ चा दुर्मिळ आहे. दोन्हींचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदीही तेवढीच. वेगळा आहे तो फक्त शेवटचा आकडा. डबा उघडणाऱ्या काकूंना त्या आकड्याची किंमत माहीत नसते आणि समोर बसलेल्याला ती पुरेपूर माहीत असते. अशा वेळी चांदीचा भाव हातावर ठेवून निघून येणे मला पटत नाही, आणि पोट त्यावरच असेल तर हा मोह रोजचाच होणार.

दुसरे असे की, अशा माणसाचा सल्लाही आपण गमावतो. ‘हे नाणे अस्सल आहे का?’ असे विचारावे तर तसलीच दहा नाणी त्याच्या कपाटात विक्रीला असतात.

शिवराईकर:
मी स्वतः हा व्यवसाय करतो, तेव्हा माझ्या म्हणण्यातला स्वार्थ वजा करूनच पुढचे वाचावे.

१९३९ चा रुपया स्वस्तात मिळाला, हे आपल्या बैठकांमध्ये किती कौतुकाने सांगितले जाते ते आठवून पाहा. संग्राहकाने तसे केले की त्याला नजर म्हणायचे, आणि व्यापाऱ्याने केले की फसवणूक, हा न्याय मला समजत नाही. त्या काकूंच्या दृष्टीने दोघांनी दिलेली रक्कम एकच असते.

शिवाय आम्ही नसलो तर त्या डब्याचे काय होते, हेही पाहावे. तो सराफाकडे जातो, तिथे मोडीच्या भावाने तोलला जातो आणि मुशीत जातो. शिवरायांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, म्हणजे शिवराया, तर किलोवर विकल्या जातात. अशा ढिगातून एकेक नाणे हातात घेऊन ‘श्री राजा शिव’ या तीन ओळींपैकी किती अक्षरे उमटली आहेत, मागच्या ‘छत्रपति’ची वळणे कशी आहेत, ठिपक्यांचे कडे दिसते आहे का, हे तपासून शिवकाळानंतरची ‘दुदांडी’ प्रकारची शिवराई वेगळी काढणारा माणूस मुळात संग्राहकच असावा लागतो. हा मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिला, त्यामुळे प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते. हे न जाणणारा, किंवा जाणूनही न सांगणारा विक्रेता ‘महाराजांच्या काळातले नाणे’ म्हणून वाटेल ते खपवतो. चिंचेने लख्ख घासून, वरचा जुना थर घालवून, ‘चकचकीत’ म्हणून जास्त दाम मागणाराही तोच. त्याच्या जागी जाणकार माणूस बसला तर नुकसान कोणाचे?

आणि १९३८ च्या आठाचा नऊ केलेले रुपयेही बाजारात फिरतात. ते गळ्यात पडले की तोटा आमचाच होतो, हेही हिशेबात धरावे.

गोदाकाठ:
दोघांचीही चर्चा किमतीभोवती फिरते आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी, म्हणजे पुरलेला साठा, सापडला आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली आढळली. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, या निष्कर्षाला एवढा भक्कम आधार मिळाला तो या ढिगामुळे. सुटे नाणे त्या घटनेची खूण दाखवते; किती नाण्यांवर छाप मारली आणि किती तशीच राहिली, हे प्रमाण मात्र ढीग एकत्र असला तरच कळते.

आता असाच हंडा आज एखाद्या शेतात लागला तर काय होईल? भूमिगत निधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तसे न करता तो परस्पर विकला गेला, तर घेणारा चेहरा स्पष्ट असलेली नाणी निवडणार, बाकीची घाऊक काढून टाकणार, आणि स्थळाचे नाव कोणी उच्चारणारही नाही. जाणकार व्यापारी हे काम अडाण्यापेक्षा जास्त सफाईने करील, एवढाच फरक. शिवराईकर, हे आपल्याला उद्देशून नाही. पण नाणे कुठून आले हे न विचारण्याची सवय या धंद्यात फार जुनी आहे.

खुर्दा:
कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात लिहितो. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी पुढे सरकते. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ज्यावरील राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि म्हणून जो मागे घ्यावा लागला, तो २०११ पर्यंत या व्याख्येत नव्हता; आता आहे. नव्याने दुकान मांडणाऱ्यांपैकी कितीजण हे पाहतात, याबद्दल मला शंका आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिराती मी व्यापारात धरतच नाही. ती शुद्ध लबाडी आहे, आणि आपले नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशाराही दिला होता.

सातासमुद्रापार:
मी अमेरिकेत राहतो. विक्रेत्यानेच आपल्या मालाची प्रत ठरवायची, ही ढब्बू यांनी दाखवलेली अडचण इथेही होती. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून सत्तरपैकी गुण देतात आणि ते पारदर्शक डबीत सील करतात. गंमत म्हणजे पीसीजीएस स्थापन करणारे स्वतः नाण्यांचे व्यापारीच होते. तेव्हा व्यापाऱ्यांना आपल्यावरचा अविश्वास कळत नाही असे नव्हे, आणि त्यावर उपाय काढणे त्यांना जमतेही. भारतात तसे का होऊ नये?

शिवराईकर:
यंत्राने पाडलेल्या ब्रिटिशकालीन रुपयांसाठी ती पद्धत ठीक आहे. शिवराईचा ठसा मात्र तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, घाव हाताने घातलेला, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा आलेला असतो. तिथे सत्तरपैकी किती गुण, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

गोदाकाठ यांचा मुद्दा मी टाळणार नाही. मातीने भरलेली, एकाच घडणीची पन्नास नाणी घेऊन कोणी आला तर ती मी घेत नाही. पण ती घेणारे दुसरे असतात, आणि त्यांच्याकडून पुढे विकत घेणारे आपल्यातलेच संग्राहक असतात. मागणी त्यांची आहे.

ढब्बू:
संग्राहकांच्या दुटप्पीपणाचा आपला आक्षेप मला मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही एक विचारतो. विकताना आपण बिलावर वजन, घासले आहे की नाही आणि मिळाल्याचे ठिकाण लिहिता, असे ऐकले आहे. घेताना, म्हणजे काकूंच्या समोर, काय लिहून देता?

शिवराईकर:
आजवर काही नाही. यापुढे नाणे कोणत्या राजाचे, कोणत्या सालाचे आणि ते नेहमीचे की दुर्मिळ, एवढे कागदावर लिहून देईन. बाजारभाव लिहून देणार नाही. तो शोधण्यातच माझी मजुरी आहे.

ढब्बू:
‘दुर्मिळ’ हा शब्द लिहिलात तर भाव त्या दुसरीकडे विचारतील. तेवढे मला पुरेसे आहे.

शिवराईकर:
खुशाल विचारू द्या. मात्र चार दिवसांनी परत आल्या तर मी आधी सांगितलेलाच आकडा मिळेल असे नाही, कारण चांदी रोज हलते.

गोदाकाठ:
त्या कागदावर ‘कुठून मिळाले’ हा रकानाही ठेवा, आणि तो रिकामा राहिला तर नाणे घेऊ नका.