ओतूरहून भांडुप-मुलुंडच्या सोसायट्यांना थेट भाजी : किलोमागे हिशोब नेमका कुठे बसतो?

भांडुपची_ताई :

नमस्कार. ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे) भागातल्या १४ शेतकऱ्यांचा गट आठवड्यातून दोनदा भांडुप आणि मुलुंडमधल्या ६ सोसायट्यांना थेट भाजी द्यायचं ठरवतोय. मुंबईकडची जबाबदारी माझ्याकडे आहे. माल म्हणजे टोमॅटो, कांदा, भेंडी, गवार, फ्लॉवर, मेथी आणि कोथिंबीर. शेतावरचा भाव आणि आमच्या नाक्यावरचा किरकोळ भाव यांत बऱ्याचदा दुपटीचा फरक असतो, त्यामुळे कागदावर सगळं छानच दिसतं. तरी असे उपक्रम काही महिन्यांत बंद पडतातच. पहिल्या फेरीला किती माल आणावा, शेतकऱ्याला भाव कसा ठरवून द्यावा, उरलेल्या मालाचं काय करावं आणि कागदपत्रं काय लागतात? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

हिशोबवही :

ताई, दुपटीचा फरक खरा आहे. पण तो मोकळा पडलेला पैसा नव्हे, त्यातला बराचसा खर्च आणि घट यांतच जातो. एक फेरी मांडून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमच्याकडचे दर घाला.

धरा १००० किलो मिश्र भाजी, सरासरी खरेदी २२ रुपये, म्हणजे २२,००० चा माल. ओतूर ते भांडुप माळशेज-कल्याणमार्गे साधारण १३०-१४० किलोमीटर. पिकअप परतीला रिकामा येतो, म्हणून भाडं दोन्ही बाजूंचं : ७,५०० धरा. गावात प्रतवारी आणि भरतीला चार बाया, १,६००. क्रेटची झीज २५०. मुंबईत विक्रीला तीन माणसं, २,४००. पिशव्या, फोन, काटा वगैरे ६००. सोसायट्यांनी जागेचं काही घेतलं तर १,०००. वरखर्च झाला १३,३५०, म्हणजे गाडीत चढलेल्या प्रत्येक किलोमागे १३ रुपये ३५ पैसे. एकूण गुंतले ३५,३५०.

आता पुढचं नीट बघा. १००० किलो चढवले म्हणजे १००० किलो विकले जात नाहीत. समजा ९०० किलो पूर्ण भावाने गेले, शेवटच्या तासात ६० किलो १५ रुपयांनी काढले आणि ४० किलो फेकले. तर ना नफा ना तोटा यायलाच सरासरी ३८ रुपये ३० पैसे भाव लागतो. ४२ ने विकलंत तर फेरीला ३,३५० सुटतात.

त्याच ४२ च्या भावात फक्त ७०० किलो पूर्ण भावाने गेले, २०० किलो १५ ने आणि १०० किलो वाया, तर जमा ३२,४०० आणि तोटा २,९५०. भाव तोच, भाडं तेच, फक्त २०० किलोंनी फेरी बुडवली. बहुतेक गट इथेच बुडतात. खरेदी स्वस्त करून हे भरून निघत नाही, कारण मग शेतकरीच माल देणं थांबवतो.

म्हणून तोडणी मागणीवर करायची. आदल्या दिवशी दुपारी १२ वाजता नोंदणी बंद, त्यानंतर गावात निरोप जाईल, संध्याकाळी तोडणी आणि रात्री गाडी. गाडीतला किमान ८० टक्के माल आधी पैसे भरून नोंदवलेला असावा, खुल्या विक्रीला २० टक्क्यांच्या वर ठेवू नका. सुट्या यादीपेक्षा ५-६ किलोंची ठरलेली पेटी बरी पडते : तीन कायमच्या भाज्या, दोन शेतात असतील त्या, एक जुडी. पेटीत निवडानिवड होत नाही. सुट्या ढिगात गिऱ्हाईक टोमॅटो दाबून बघतं, आणि दाबलेलं फळ पुढच्या गिऱ्हाइकाला नको असतं. अशा पेट्या घेणारी दीडशेच्या आसपास घरं पक्की झाल्याशिवाय पूर्ण पिकअप करूच नये.

गाळा_ते_गल्ली :

वरचा हिशोब पटला. वाशीच्या घाऊक बाजार समितीच्या बाजूने थोडी भर घालतो.

२०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायची मोकळीक मिळाली, आणि आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. त्यामुळे "आम्ही तुमची आडत वाचवतो" असं सांगून शेतकरी जोडायला जाऊ नका, तो लगेच विचारेल की कुठली आडत. वाशीला माल पाठवला की त्याच्या पट्टीतून (आडत्याकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदातून) मुख्यतः गाडीभाडं, हमाली, तोलाई असं कापलं जातं. तुमचा भाव त्या पट्टीच्या तळाच्या आकड्याशी ताडून बघितला जाणार.

भाव ठरवायची सोपी रीत : राज्याचं पणन मंडळ मुंबई (वाशी) बाजाराचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज क्विंटलवर जाहीर करतं. आदल्या दिवशीचा सर्वसाधारण दर घ्यायचा, त्यातून ओतूर-वाशीचा नेहमीचा खर्च वजा करायचा आणि वर किलोला २ रुपये चढवायचे. समजा दर २,४०० रुपये क्विंटल आणि खर्च किलोला ४, तर शेतकऱ्याच्या हातात पडतात २०. तुम्ही २२ द्या. हे दोन रुपये निवडक मालाचे आहेत, हे आधीच बोलून घ्या.

आणखी एक, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. आडत्या नुसता माल विकत नाही. तो बियाण्याला, औषधाला उचल देतो, आणि जो येईल तो सगळा माल घेतो, बारीक, वाकडा, डागी सगळा. तुम्ही निवडक ४० टक्के उचलणार. उरलेला ६० टक्के माल एकटाच वाशीला गेला तर त्याची प्रत पडते आणि त्याचा भावही उतरतो. शेतकऱ्याचा फायदा मोजताना दोन्ही ढिगांची बेरीज करा. म्हणून एका शेतकऱ्याची सगळी चांगली तोड उचलू नका. दर शेतकऱ्याकडून थोडी थोडी घ्या, म्हणजे त्याचा आडत्याशी व्यवहारही सुरळीत राहतो. पावसात तुमची विक्री बंद पडली तर त्याला तिथेच जायचंय.

उरलेला माल संध्याकाळी वाशीला टाकू, हा विचार डोक्यातून काढा. भाजीची आवक रात्री सुरू होते आणि मुख्य खरेदी-विक्री पहाटे उरकते. दिवसभर सोसायटीत फिरलेल्या मालाला दुसऱ्या पहाटे तिथे कोणी विचारत नाही. जास्तीचा माल शेतातून थेट नेहमीच्या गाडीने गेला पाहिजे. मुंबईत उरलेल्यासाठी जवळच्या खानावळी, पोळीभाजी केंद्रं आधीच बोलून ठेवा. त्यांना टोमॅटो मऊ झालेला चालतो, फक्त रोज लागतो.

पहिले चार-पाच आठवडे स्वतःची गाडी करूच नका. ओतूर-आळेफाट्याहून कल्याण, शिळफाटा, महापेमार्गे वाशीला जाणाऱ्या गाड्या असतात. हुंडेकऱ्याशी (अनेकांचा माल एका गाडीतून नेणाऱ्या वाहतूकदाराशी) बोलून त्यात २०-२५ क्रेट टाका, दर क्रेटमागे ठरवा, महाप्याला उतरवून घ्या आणि तिथून छोटा हत्ती (लहान टेम्पो) करून ऐरोली पुलावरून मुलुंडला आणा. साडेचारशे किलोंसाठी पूर्ण पिकअप केलात तर नुसतं भाडंच किलोला साडेसोळाच्या वर बसेल.

काढणीपश्चात :

घट कमी करायची तर ती गावातच करावी लागते, मुंबईत फार काही हातात राहत नाही. मालागणिक सांगते.

टोमॅटो : लांबच्या बाजाराला नुकता रंग धरलेला तोडतात. तुमचा माल दुसऱ्या दिवशी घरात जाणार, त्यामुळे अर्धा ते पाऊण लाल चालेल. देठ खुडून टाका, नाहीतर तो शेजारच्या फळाला भोसकतो. क्रेट २० किलोंचा धरतात, पण तुम्ही दोन बोटं रिकामी ठेवून १८ किलोच भरा. काठोकाठ भरला की वरच्या क्रेटचं बूड थेट फळांवर बसतं, आणि घाटातल्या वळणांवर वरचा थर चेपतो. हे फळ सकाळी चांगलं दिसतं, दुपारी पाणी सोडतं.

मेथी-कोथिंबीर : सगळ्यात जास्त नुकसान हिचंच. ऊन उतरल्यावर काढा, मुळांची माती झटका, जुड्या सावलीत पसरून आतली गरमी जाऊ द्या आणि मग क्रेटमध्ये मुळं खाली करून उभ्या लावा. ढीग दाबून बारदानात बांधला की आत वाफ धरते, मधल्या जुड्या पिवळ्या पडतात. ताजी दिसावी म्हणून वरून पाणी मारतात, ते टाळा. पानांवर पाणी राहिलं की रात्रभरात पानं काळी, चिकट होतात. ओलं बारदान क्रेटच्या बाजूने लावा, पानांना टेकू देऊ नका. हिशोब दोन्हीकडे जुडीवरच ठेवा, वजनावर घ्याल आणि जुडीवर विकाल तर रात्रीत सुकलेलं पाणी तुमच्या खात्यात पडतं. जुडीचा आकार मात्र ठरवून द्या.

भेंडी : दिवसाआड तोडणी हवीच, एक दिवस चुकला तर जून होते. घासली की शिरा काळ्या पडतात, म्हणून ओतायची नाही, हाताने ठेवायची. दवात तोडलेली ओली भेंडी क्रेटमध्ये भरू नका.

फ्लॉवर : गड्ड्याभोवती दोन-तीन पानं ठेवा, नाहीतर घासून डाग पडतात. पण शेतावर पाल्यासकट वजन केलं आणि सोसायटीत पाला काढून विकला तर मोठी तूट तिथेच येते. खरेदीचं वजन कुठल्या अवस्थेत करायचं, हे लिहून ठेवा.

प्रतवारी शेतकऱ्यासमोर करा आणि नाकारलेला माल लगेच चिठ्ठीसकट परत द्या. मुंबईहून फोन करून "तुमचे १२ किलो खराब निघाले" असं सांगितलं की भांडण ठरलेलं.

भांडुपची_ताई :

खूप आभार. पेटी आणि हुंडेकरी दोन्ही पटलं, गाडीची बोलणी थांबवते. कागदपत्रांचं कोणी सांगेल का? आणि भाव एकदम चढले किंवा पडले तर काय करतात?

नोंदणी_मदत :

सुरुवातीला शेतकरी गट म्हणून आत्माकडे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे) नोंदणी आणि गटाच्या नावाने बँक खातं, एवढ्यावर काम चालू होतं. शेतकरी उत्पादक कंपनी काढायची तर किमान १० उत्पादक सभासद लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पण लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रं, सनदी लेखापालाची फी हे दर वर्षी येतं, उलाढाल असो वा नसो. एक हंगाम काढा, मग कंपनी करा.

अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी आणि शिक्का लागतो. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. शेतकऱ्याचं शेतीउत्पन्न करमुक्त असलं तरी गटाने विकत घेऊन विकलेल्या मालावरचा नफा शेतीउत्पन्न धरला जात नाही, तो वेगळा लिहा. सोसायटीकडून व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत घ्या, दिवस, वेळ आणि जागा लिहिलेली. सचिवांचा तोंडी होकार पुढच्या समितीला बांधील नसतो. आवाराबाहेर, फुटपाथवर टेबल लावू नका, तिथे पालिकेचे फेरीवाल्यांचे नियम लागतात.

हिशोबवही :

भावाच्या चढउताराबद्दल. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळीत शंभरीच्या वर गेला. अशा वेळी शेतकरी ठरलेल्या भावात माल देत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. उलट पडत्या भावात सोसायटीवाले नाक्यावरचा दर दाखवतात. म्हणून टोमॅटो आणि कांद्याला आधीच खालची-वरची हद्द लिहून घ्या. समजा शेतकऱ्याला टोमॅटो १२ च्या खाली द्यावा लागणार नाही, आणि ४० च्या वर भाव गेला तर वरची वाढ शेतकरी आणि गट निम्मी निम्मी वाटून घेतील. वाशीचा दर कोसळला तरी १२ द्यायचेत, तर तेवढी गंगाजळी हवी. नफ्यातल्या फेरीतून किलोमागे १ रुपया बाजूला काढत जा आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका.

शेतकऱ्याचे पैसे दोन दिवसांत खात्यावर गेले पाहिजेत. पेटीचे पैसे आधी येत असतील तर हे सहज जमतं.

आणि पावसाळ्यात माळशेजला दरड आली की रस्ता बंद होतो. तेव्हा नारायणगाव, चाकण, तळेगावमार्गे यावं लागतं, पल्ला बराच वाढतो, भाडंही. त्या फेरीला पालेभाजी घेऊच नका. कांदा, गवार, फ्लॉवर आणा आणि नोंदणीच्या वेळीच सोसायट्यांना तसं कळवा.