जुन्या एसई-८४६चं इन्सर्ट आधी बदलून बघा

जुना शुअर एसई-८४६ इअरफोन नव्या आवृत्तीपुढे आवाजाला मंद वाटतो, म्हणजे कंपनीने ड्रायव्हरच (आवाज निर्माण करणारे आतले भाग) बदलले असणार, असं एकाने म्हटलंय. मंद वाटतो हे खरं, कारण मात्र पटत नाही. दोन्हींत 'बॅलन्स्ड आर्मेचर' प्रकारचे चार ड्रायव्हरच आहेत. ऐकू येणारा फरक मुख्यतः नोझलमधल्या (कानात जाणाऱ्या नळीतल्या) इन्सर्टचा, म्हणजे टोन ठरवणाऱ्या, बदलता येणाऱ्या छोट्या तुकड्याचा. २०१३च्या मॉडेलबरोबर वेगवेगळ्या टोनची, वेगवेगळ्या रंगांची तीन यायची, २०२२च्या आवृत्तीत 'एक्स्टेंडेड' हे चौथं आलं आणि ते वरचे स्वर मोकळे करतं.

आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट धरायलाच हवी, ती म्हणजे दमट हवा. फोंड्याकडे भजनाच्या कार्यक्रमांना मी साउंड सांभाळतो. ऐन पावसाळ्यात एका गायकाची तक्रार आली की डाव्या कानात झांज दबलीये. नोझल खोललं तर निळ्या इन्सर्टच्या तोंडाशी मळ आणि ओल यांचा पातळ थर बसलेला. नवं निळं इन्सर्ट घातल्यावर झांजेची किणकिण आणि हार्मोनियमच्या भात्याची फुसफुससुद्धा स्वच्छ ऐकू यायला लागली! तेव्हा वापरलेला जुना सेट कोऱ्या नव्याशी तोलायचा तर दोन्हींत एकाच रंगाचं, ताजं इन्सर्ट हवं, टिपही (कानात बसणारं मऊ टोपणही) तीच. आणि सोर्ससुद्धा एकच ठेवा. जुन्या सेटचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) जेमतेम ९ ओहम आहे. मिक्सरच्या हेडफोन सॉकेटचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर त्याचा टोनच बदलतो. एक सेट मिक्सरला, दुसरा फोनच्या डोंगलला लावून ऐकलात तर कशात काय फरक ते कळणारच नाही.