सॉरॉन की सारुमान? कल्पित नावांत अडखळलेल्या वाचकांचे अनुभव

टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी पहिल्यांदा वाचलं ते अकरावीच्या सुट्टीत, आणि पहिली बरीच पानं सॉरॉन आणि सारुमान या दोन खलनायकांना एकच माणूस समजून वाचलं. हा एकाच वेळी दोन मनोऱ्यांत कसा राहतो, हे काही केल्या कळेना. उलगडा झाल्यावर मागे जाऊन सगळं पुन्हा वाचावं लागलं. पुढे समजलं की १९७८ सालच्या ॲनिमेशनपटात सारुमानला बऱ्याच ठिकाणी 'अरुमान' म्हटलंय, म्हणजे हा घोटाळा होणार हे तिथेही कुणाला तरी जाणवलं होतं.

माझ्यापुरतं कारण मला सापडलं. मी नावं वाचतच नव्हतो, नुसती बघत होतो. सुरुवातीचा एस आणि शेवटचा एन दिसला की डोळा पुढे सरकायचा. एक दिवस वहीत ती देवनागरीत लिहून काढली आणि गाठ सुटली. आपल्या लिपीत पळवाट नाही. काना की मात्रा, ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरवल्याशिवाय अक्षर पुढे जात नाही. एकदा ठरलं की नाव तोंडात बसतं आणि मग माणूसही लक्षात राहतो.

तुमचं कुठलं नाव अडलं? कुठली बनवलेली भाषा आवडली, कुठलीनं पुस्तक मिटायला लावलं? सविस्तर लिहा, चार ओळी असल्या तरी चालेल.

*

मला त्याच पुस्तकातल्या रोहान राज्याच्या लोकांनी छळलं. एओमर, एओविन, एओमुंड, एओथेन! भाऊ कोण, बहीण कोण, वडील कोण? मुलाचं पुस्तक होतं, त्यालाच दर पानाला विचारायची. तो कंटाळला.

मी पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून शेवटी शिक्षिकेसारखं केलं: शब्द फोडला. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि रोहानच्या माणसांना त्यांनी त्याच भाषेतली नावं दिली आहेत. त्या भाषेत 'एओह्' म्हणजे घोडा. आणि हा 'एओह्' आपल्या 'अश्व'चा चुलतभाऊ, दोघांचं मूळ एकच! घोड्यांवर जगणारी माणसं, म्हणून घराघरात घोड्याची नावं. आपल्याकडे नाही का, सावित्रीचे वडील अश्वपती? एओविनमधला 'विन' म्हणजे आनंद. हे कळल्यावर मी त्या मुलीला मनात 'अश्वनंदा' म्हणू लागले आणि पुन्हा कधी चुकले नाही. ती रणांगणात उभी राहते ते पान मी मुलाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

— निवृत्त शिक्षिका, सांगली

*

रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही चौदा भागांची मालिका मी लोकलमध्ये ऐकत संपवली, वाचली नाही. त्यामुळे उच्चार पक्के आहेत, स्पेलिंग एकाचंही येत नाही. 'आइझ सेडाय' (त्यातल्या जादू करणाऱ्या बायकांचा संघ) कानाला इतकं सवयीचं झालं होतं, आणि छापलेलं पाहिल्यावर हे तेच आहे हे ओळखताच येईना. एग्वेन, एलेन, एलायडा या तिघी मात्र ऐकतानाही गोंधळ घालतात. तिथे माझ्याकडे उपाय नाही.

— ठाणे

*

वरच्या बाईंनी शब्द फोडला, मी वंशावळ मांडली.

'सिल्मरिलियन' १९७७ साली आलं. टॉल्किन जाऊन चार वर्षं झाली होती, मुलानं संपादन करून छापलं. त्यात एल्फांचा राजा फिनवे. त्याचे मुलगे फेआनोर, फिंगोल्फिन, फिनार्फिन. नातवंडांत फिंगोन, फिनरोड आणि कुरुफिन. तीनदा पुस्तक हातात घेतलं आणि तीनदा इथेच ठेवलं.

मी शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी मुलं पेशव्यांपाशी अशीच अडकतात. दोन बाळाजी, दोन बाजीराव, एक माधवराव आणि एक सवाई माधवराव. मी फळ्यावर नावं पूर्ण लिहितो: बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव. 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीच. मुलांना सांगतो, मधलं नाव बघा, बाप तिथेच उभा आहे. हे सांगत असतानाच एकदा वर्गात डोक्यात उजेड पडला. फेआनोर, फिंगोल्फिन आणि फिनार्फिन यांना बापानं, म्हणजे फिनवेनं, ठेवलेली नावं वेगळी होती: कुरुफिनवे, नोलोफिनवे आणि अराफिनवे. बाप प्रत्येक नावात उभा आहे! लेखकानं गोंधळ घातलेला नाही, आपल्यासारखीच रीत पाळली आहे. त्या रात्री कार्डशीटवर पेशव्यांचा करतो तसाच तक्ता केला. तो अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि पुस्तक दोनदा वाचून झालंय.

एक भर घालतो. या नावांतल्या काही स्वरांवर दोन टिंबं असतात. त्यांचा अर्थ एवढाच की तो स्वर गिळू नका, वेगळा म्हणा. देवनागरीत 'फिनवे' लिहिलं की टिंबांची गरजच उरत नाही. आणि 'सी' कायम 'क'. सेलेबोर्न नाही, केलेबोर्न.

— इतिहासाचा शिक्षक, सातारा जिल्हा

*

मी मराठी माध्यमाचा. 'हॅरी पॉटर' तालुक्याच्या वाचनालयातून आणून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. पुण्यात कॉलेजला आलो. पुस्तकांवर गप्पा मारणारा एक गट होता, तिथे मी हर्मायनीला 'हर्मिऑन' म्हणालो. दोघं हसले. एकानं माझा उच्चार परत म्हणून दाखवला. नंतर जवळजवळ वर्षभर मी त्या गटात तोंड उघडलं नाही. मला सगळ्यांत आवडलेली व्यक्तिरेखा तीच होती आणि तिच्याबद्दल बोलायचीच चोरी झाली.

मग २००० साली आलेला चौथा भाग हातात पडला. त्यात परदेशी क्रमला ती स्वतः आपलं नाव तोडून तोडून शिकवते. त्याला ते तरीही जमत नाही, आणि ती हसून एवढं पुरे म्हणते. ते पान वाचताना माझे डोळे भरून आले. आता मी भाचीला वाचून दाखवतो तेव्हा आधीच सांगतो, तुला जसं जमेल तसं म्हण.

— मूळचा बीड जिल्ह्यातला

*

नावातल्या अपॉस्ट्रॉफीनं माझं डोकं फिरतं. अर्धं नाव, मग वर टिंब, मग उरलेलं नाव. तिथे थांबायचं की घसा आवळायचा? बहुतेक लेखक नुसतं परकं वाटावं म्हणून ते पेरतात, असं माझं ठाम मत आहे. अपवाद ॲन मॅकॅफ्रीचा. तिच्या ड्रॅगनस्वारांचं नाव स्वार झाल्यावर आखडतं, फ'लार, फ'नोर असं, आणि तो मान असतो. कारण असलं की मी सगळं सहन करते.

— नाशिक

*

इथे लिपीचा विषय निघालाच आहे, तर तेंग्वारबद्दल सांगतो. टॉल्किनची ही लिपी मी कॉलेजात शिकलो, ओळखीच्या अक्षरांचा व्यवसाय आहे म्हणून (मी फलक आणि लग्नपत्रिका लिहितो). आकार बघून थक्क झालो. एक दांडा आणि एक बाक. बाक दुहेरी केला की 'त'चा 'द' होतो, 'प'चा 'ब' होतो. उच्चाराची जागा आणि प्रकार यांवरून अक्षरं ओळीत लावलेली, अगदी आपल्या वर्णमालेतल्या वर्गांसारखी! स्वर व्यंजनाच्या डोक्यावर चिन्ह होऊन बसतात, आपल्या मात्रेसारखे. 'आ'ला तीन टिंबं, 'इ'ला एक.

बोरू घेऊन पहिला शब्द लिहिला 'पाटी'. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे 'पाती'ही वाचता येईल, कारण 'ट' आणि 'त' वेगळे नाहीत. मग 'ट'साठी मी दांड्याला खाली एक गाठ दिली. ती माझी स्वतःची भर. आमच्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर ती 'पाटी' अजून टांगलेली आहे.

— कोल्हापूर

*

अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) एका मुलाची तीन नावं आहेत. लहानपणी ड्युनी, लोक हाक मारतात ती स्पॅरोहॉक, आणि खरं नाव गेड. खरं नाव कुणाला सांगायचं नाही, कारण ज्याला ते कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. माझ्या मैत्रिणींना हे गुंतागुंतीचं वाटलं. मला अजिबात नाही वाटलं. माझं राशीचं नाव वेगळं आहे. आजी ते कुणापुढे उच्चारू द्यायची नाही, नजर लागेल म्हणायची.

तेराव्या वर्षी ओगियन नावाचा जादूगार त्या मुलाला थंडगार पाण्यातून चालत यायला लावतो आणि पलीकडच्या काठावर त्याचं नाव हळूच त्याच्यापाशी उच्चारतो. मला माझ्या भाचीचं बारसं आठवलं. पाळण्यावर वाकून आत्या म्हणून मीच तिच्या कानात 'कुर्रर्र' केलं होतं. ले ग्विनचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते. अशा रीती तिनं घरातच ऐकल्या असतील, असं मला वाटतं. एका नावावर समाधान मानणाऱ्या पुस्तकांपेक्षा मला हे पुस्तक जास्त आपलं वाटतं.

— रत्नागिरी

*

'गेम ऑफ थ्रोन्स'ची मालिका बघून मी हाय व्हॅलिरियन शिकायला घेतली. मालिका ज्यांवर बेतली त्या मार्टिनच्या कादंबऱ्यांत या भाषेचे मोजकेच शब्द आहेत. व्याकरण डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञानं मालिकेसाठी बांधलं. तिच्यात चार लिंगं आहेत: चांद्र, सौर, पार्थिव आणि जलीय. माझ्याबरोबर शिकणारे इंग्रजीभाषक हैराण झाले होते. मी म्हटलं, आम्ही तो दगड, ती वीट आणि ते झाड जन्मापासून सांभाळतो, एक वाढलं तर काय बिघडलं?

— बंगळुरू

*

आम्ही मेलबर्नला असतो. मुलगी नऊ वर्षांची, मराठी समजते, बोलताना अडते. तिला झोपताना रिचर्ड ॲडम्सचं 'वॉटरशिप डाउन' (१९७२) वाचून दाखवत होते. त्यातल्या सशांची स्वतःची भाषा आहे. 'ह्रूडूडू' शब्द आला, तर अर्थ वाचायच्या आत ती म्हणाली, "गाडी!" इंजिनाचा आवाजच आहे तो. ससे चारपर्यंतच मोजतात, पुढचं सगळं 'ह्रेर'. आता घरात भांडी ह्रेर पडलेली असतात आणि बाबा ह्रूडूडू घेऊन येतो.

मागच्या महिन्यात तिच्या शाळेत पाठांतराचा कार्यक्रम होता. ती स्टेजवर गेली आणि चौथ्या ओळीला गप्प झाली. हात ताठ, नजर समोर. घरी येताना गाडीत बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई, मी थार्न झाले होते." भीतीनं ससा जागच्या जागी खिळतो, ते थार्न. मी म्हटलं, "हो गं, थिजलीस." तिनं शब्द परत म्हणायला लावला. रात्री तिची सशांच्या शब्दांची वही उघडी दिसली. 'थार्न'च्या पुढे तिच्या मोठ्या, तिरक्या देवनागरीत लिहिलं होतं: थिजणे. खाली आणखी एक ओळ रिकामी सोडून तिनं विचारलंय, "याच्यासारखे अजून आहेत का?"