मे महिन्यात व्यालेली कुत्री: पत्र्याच्या खोलीत पिल्लं कशी सांभाळायची?

केळीपान (ता. चोपडा)

घरची पामेरियन व्याली आहे. पाच पिल्लं, आज चौथा दिवस. कुत्रीचं वजन साधारण ९ किलो. खोलीवर पत्रा आहे, दुपारी आत पारा ४२ च्या वर जातो. कूलर आहे, पण नेमकी दुपारीच लाईट जाते. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की पिल्लांना ऊब द्या, बल्ब लावा. या उन्हात बल्ब लावायचा का?

कुत्री सारखी धापा टाकते आणि पिल्लं सोडून मोरीत जाऊन बसते. खाते-पिते नीट. चार पिल्लं जन्मली तेव्हा २१० ते २२० ग्रॅमची होती, आता २६० च्या पुढे आहेत. पाचवं १५० चं होतं, ते आज १५२ वरच आहे. सासूबाई म्हणतात बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू द्या आणि बारक्याला गायीचं दूध चमच्याने पाजा. मेडिकलवाले कॅल्शियमचं सिरप घ्या म्हणतात. काय द्यावं, काय नको?

सातपुडा_पायथा

ताई, बल्ब लावूच नका. ऊब द्या हा सल्ला खरा आहे, पण तो थंड खोलीसाठी. पिल्लांना लागते ती ठराविक उष्णता: पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश, दुसऱ्यात २७ ते २९, तिसऱ्यात २५-२६ चालतं. या वयात पिल्लाला थरथरून अंग गरम करता येत नाही, तसंच धाप टाकून थंडही करता येत नाही. भोवती ४२ असेल तर ते आतून तापत जातं आणि अंगातलं पाणी संपतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गारठ्यापेक्षा ही भीती मोठी.

भिंतीवरच्या आकड्यावर जाऊ नका. साधा थर्मामीटर पेटीत, पिल्लांच्या उंचीवर ठेवा. पिल्लंही सांगतात: एकमेकांवर ढीग करून किरकिरत असतील तर गारठली आहेत, लांब लांब पसरून, तोंड उघडं, पोट लालसर आणि सतत ओरड असेल तर तापली आहेत. सैलसर घोळका करून झोपेत अधूनमधून झटके देत पडलेली पिल्लं बरोबर आहेत. ते झटके नैसर्गिक, घाबरू नका.

घरात किंवा शेजारी धाब्याची खोली असेल तर पेटी आजच तिकडे हलवा. मातीचं छत आणि जाड भिंती दुपारी जो फरक पाडतात तो पत्र्याखाली कशानेच पडत नाही. तशी सोय नसेल तर पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या पसरा आणि खिडकीला ओलं बारदान लावा. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण तोंड समोरच्या भिंतीकडे. झोत पेटीवर नको. लाईट गेल्यावर गोठवलेली पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे पिल्लांना तिच्यापासून लांब सरकायला जागा राहते.

पेटीत कुत्री पाय पसरून आडवी होईल एवढी जागा हवी. आतल्या भिंतींना जमिनीपासून आणि भिंतीपासून साधारण चार बोटं अंतर ठेवून एक आडवी पट्टी ठोका. आई टेकून बसली तरी पिल्लू पट्टीखाली राहतं, चेंगरत नाही. खाली घट्ट बसवलेली सुती गोधडी किंवा जुनं लुगडं, रोज बदलून. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय घसरतात आणि मागचे पाय फाकतात. घरात कापूस पडलेला असतो म्हणून तो अंथरतात, तेही टाळा. तंतू पायाला गुंडाळतात, तोंडात जातात.

धुळे_पेठ

वरच्यात एक भर. रात्री कूलर रात्रभर चालू ठेवला की पहाटे तीन-चारला त्याच खोलीत २४-२५ होतं, आणि कुत्री बाहेर गेलेली असेल तर पिल्लं तेव्हा गारठतात. झोपताना आणि पहाटे पेटीतला आकडा बघा. रात्री खिडकी उघडी आणि पंखा मंद, एवढं बहुतेक पुरतं. आईला ३२ सोसत नाही, म्हणून खोली २७-२८ ठेवा आणि पिल्लांच्या कोपऱ्यात जास्तीची घडी टाका. हा मधला मार्ग दोघांनाही जमतो.

ती मोरीत जाते ते गारव्यासाठी. पिल्लांवर राग नाही तिचा. खोली थंड झाली की आपोआप परत येईल. तोवर प्रत्येक दूध पिण्यानंतर कोमट ओल्या कापसाने पिल्लांच्या शी-शूच्या जागी हलकं पुसा. तीन आठवड्यांपर्यंत आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. त्याच कापसावर शूचा रंग बघा. जवळजवळ पाण्यासारखी हवी. गर्द पिवळी आली तर पिल्लाला पाणी कमी पडतंय. इतक्या लहान वयात कातडी चिमटीत धरून बघण्यापेक्षा ही खूण जास्त खरी.

पांझराकाठ

मी फक्त आईबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातली ‘धापा टाकते’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली.

उन्हाची धाप असेल तर कुत्री गार फरशी शोधते, पाणी पिते, चाल सरळ असते आणि गारव्यात अर्ध्या तासात शांत होते. दुसरी धाप रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची. ही व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत येते, लहान जातीत आणि पिल्लं जास्त असतील तर अधिक. यात ती गारव्यातही बसत नाही, बेचैन फिरते, पाय ताठ पडतात, झोकांड्या जातात, तोंडाचे स्नायू फडफडतात, मग अंगभर थरथर आणि आकडी. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर जातो. ताठ चाल दिसली की थांबू नका: पिल्लं लगेच बाजूला घ्या आणि कुत्रीला दवाखान्यात न्या. उपाय म्हणजे शिरेतून कॅल्शियम, तेही अगदी हळू, हृदयाचे ठोके तपासत. घरी आकडीत सिरप ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. व्यालेल्या कुत्रीचा ताप पहिले काही दिवस ३९.२ पर्यंत चालतो, ३९.५ च्या वर गेला तर दाखवा.

मेडिकलच्या सिरपचं: गाभणपणी आयतं कॅल्शियम दिलं तर हाडांतून कॅल्शियम काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध उतरल्यावर नेमकी तीच कमी पडते. म्हणजे ज्याच्या भीतीने दिलं तेच ओढवतं. व्याल्यानंतर लहान जातीला कधी कधी देतात, पण किती आणि किती दिवस ते पशुवैद्य वजन बघून ठरवतील.

खाणं: डिंकाचे लाडू नकोतच. त्यात बऱ्याचदा मनुके असतात आणि मनुके कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. गूळ-तुपाच्या शिऱ्याने जुलाब लागतात, मग दूध आटतं. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी पोट भरते, पण दुधाला लागणारी प्रथिनं त्यातून पुरत नाहीत. सहा आठवड्यांपुरतं पिल्लांचं कोरडं खाद्य विकत घ्या, कॅल्शियमचा हिशेब त्यात आपोआप बसतो. ९ किलोच्या कुत्रीला या आठवड्यात रोज २०० ते २२५ ग्रॅम, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सगळ्यात जास्त असतं तेव्हा ३५० पर्यंत. पाण्यात भिजवून, चार-पाच वेळा, पहाटे, सकाळी आणि दिवस मावळल्यावर. भर दुपारी ती खाणार नाही, आग्रह नको. वर एखादं उकडलेलं अंडं चालेल. नुसतं मटण-चिकन देऊ नका, त्यात कॅल्शियम फारच कमी. काळ्या मसाल्याची भाजी, शेवभाजीचा रस्सा अजिबात नको. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. भिजवलेलं उरलं तर अर्ध्या तासात काढून टाका, या उन्हात लगेच आंबतं.

रोज एकदा आचळं हाताने तपासा. एखादं गरम, दगडासारखं कडक, लाल-निळं झालं आणि ती पिल्लांना तिथे लागू देत नसेल तर तो दाह आहे. कोमट शेक आणि दवाखाना. पिल्लांची नखं आठवड्याला एकदा टोकापुरती कापा, ओरखड्यांतूनच बऱ्याचदा दाह सुरू होतो. अंगावरून तांबूस-काळसर जाणं तीन आठवडे तरी चालतं. त्याला घाण वास आला आणि ताप चढला तर गर्भाशयात बिघाड आहे.

केळीपान

खूप उपयोगी. चाल सरळ आहे, फडफड नाही. शेजारची धाब्याची खोली मिळतेय. बारक्याचं काय करू? ओढतो, पण लगेच सोडतो.

धुळे_पेठ

आधी त्याचं तोंड उघडून टाळू बघा. टाळूला चीर असेल तर दूध नाकातून येतं, त्याला लगेच दाखवावं लागेल. चीर नसेल तर ताप घ्या: डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटीमीटर. या आठवड्यात ३५ ते ३७ हवा. ३५ च्या खाली असेल तर काहीही पाजू नका. गार पिल्लाची आतडी हलत नाहीत, दूध पोटात तसंच राहून कुजतं. कपड्याच्या आत छातीशी धरून तासाभरात हळूहळू ऊब आणा, मगच दूध.

मग दर दोन-अडीच तासांनी त्याला एकट्याला मागच्या आचळाला लावा, तिथे दूध जास्त असतं. दांडग्या दोघांना तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के वाढ हवी, म्हणजे याला ८ ते १५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, रोज एकाच वेळी मोजा.

एका दिवसात काटा हलला नाही तर वरचं दूध. गायीच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश बरेच कमी, साखर जास्त. वाढ होत नाही आणि जुलाब लागतात. पिल्लांची दूध पावडर मागवा. मिळेपर्यंत एखादा दिवस भागवायचं तर १२० मिली गायीचं दूध, १२० मिली उकळून गार केलेलं पाणी, दोन अंड्यांचा पिवळा बलक आणि एक चमचा तेल, गाळून. ३७-३८ अंशांवर, मनगटावर कोमट लागेल इतकं. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीच्या वर नको, म्हणजे याला ५-६ मिली. आईचंही पितो म्हणून ३ पासून सुरू करा.

चमच्याने नको. पिल्लू पोटावर पालथं, डोकं किंचित वर, लहान बाटलीने किंवा सिरिंजला निपल लावून थेंब थेंब. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. बिनआईची पिल्लं दगावतात त्यात हे कारण फार मोठं.

सातपुडा_पायथा

दोन गोष्टी राहिल्या. मुंग्या: पेटी चार विटांवर ठेवा आणि प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत. मुंग्यांचा खडू ओढू नका, ते विष आहे. गोचीड दिसले तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध कुत्रीच्या अंगाला लावलं तर पिल्लं तेच चाटतात, ते घरात आणूच नका. जंताचं पहिलं औषध दोन आठवड्यांना, वजन करून, आणि त्याच दिवशी आईलाही. गोल जंत गर्भातून आणि दुधातून येतात, म्हणून इतक्या लवकर.

बारक्याला तालुक्याला न्यायचं ठरलं तर सकाळी आठच्या आत निघा. आई आणि सगळी पिल्लं एकाच टोपलीत न्या, वर सुती फडकं. बंद डिक्कीत किंवा उभ्या गाडीत क्षणभरही ठेवू नका.