पहिलीची पोरं २७ चे ७२ लिहितात, काय करू?

माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे, सत्तावीस म्हटलं की निम्मी पोरं आधी ७ काढतात मग २, पाटीवर रोज हेच.

– ताई पोरांची चूक नाही, बोलताना सातच आधी येतो ना. म्हणून तर २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस सात असं वाचनही दिलं होतं, केवढा गदारोळ झाला तेव्हा.

– मी खराट्याच्या काड्या आणते, दहाचा गठ्ठा रबर लावून पोरांनाच बांधायला देते, दोन गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे आणि खाली अंक. एक पोरगी रोज गठ्ठा सोडून मोजायची, मोजू दिलं, चौथ्या दिवशी म्हणाली बाई हे दहाच असतात.

– उद्याच आणते काड्या! एकोणतीसचं काय पण?

– ते शेवटी घ्या, तीस ऐकून ३ लिहितात.