जालन्याचं बियाणं मंगळवेढ्यात रुजेल का?

ज्वारीवाला:
राम राम मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशोब आणि कागदपत्रं बघतो. गेल्या महिन्यात आमचे संचालक जालन्याला जाऊन आले. बियाणे कंपन्यांची गोदामं, ग्रेडिंगची यंत्रं, पाकिटं भरायची लाइन, सगळं पाहिलं आणि आल्यापासून एकच धोशा लावलाय: आपणही भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचं केंद्र काढायचं. यंत्राचं कोटेशनही आलंय. प्रकल्प अहवालाच्या मथळ्यात 'जालना मॉडेल' असं लिहायचं मला फर्मान आहे.

काळी जमीन आमच्याकडेही आहे, पाऊस कमी, हवा कोरडी. मग तिकडे जे झालं ते इकडे का नाही झालं? यंत्र आणलं तर होईल का? त्या भागातलं कुणी असेल तर सांगा. गोड बोलू नका.

निवृत्त_फिल्डमन:
बियाणे कंपनीत २२ वर्षं प्लॉट तपासत फिरलो, म्हणून लिहितो. कोरडी हवा हे खरं कारण आहे, पण अर्धंच. जालन्यात पाऊस साधारण ६५० ते ७०० मिमी, पावसाळा सरला की बी लवकर वाळतं, बुरशी कमी. पण जालना आधीपासून व्यापाराचं गाव. निजामाच्या काळात रेल्वे आली, कापूस आला, जिनिंग आलं. 'जालना सोने का पालना' म्हणायचे ते उगाच नाही. माल उधारीवर उचलायचा, लांब पाठवायचा, वसुली करायची, हे तिथल्या पेठेला बियाण्याच्या आधीपासून येत होतं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली, त्याआधी ते पुसा सावनी भेंडीचं बियाणं करत होते. पुढे एका कंपनीत शिकायचं आणि दुसरी काढायची, असं करणारे वाढत गेले. माझेच दोन साहेब तसे बाहेर पडले.

देऊळगावची_काकू:
दादा, तुमच्या संचालकांनी जे पाहिलं ते आमच्याकडे सगळ्यात शेवटी आलं. मी देऊळगाव राजा तालुक्यातली. जिल्हा बुलढाणा, पण आमचं सगळं येणं-जाणं जालन्याला. लहानपणी आईच्या हाताखाली सरकीच्या प्लॉटवर क्रॉसिंग केलं, म्हणजे मादीच्या फुलावर नराचा पराग हातानं लावायचं काम, आता माझं स्वतःचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यात टोमॅटो आणि मिरची.

सरकीचं काम असं. दुपार कलली की ओळीत शिरायचं. उद्या उमलणारी कळी आजच ओळखावी लागते. हिरव्या झालरीतून ती जरा वर आलेली असते, रंग पिवळट, बोटाला फुगीर लागते. अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असतं. नखानं बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी टोपीसारखी उपसून काढायची. आत नाजूक दांडा उरतो, त्याला नख लागलं की कळी गेली. वर लाल कागदाची पिशवी. सकाळी ऊन चढायच्या आत नराचं फूल त्यावर फिरवायचं. एका नरात चार-पाच माद्या होतात. मग लाल पिशवी काढून पांढरी. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण बांधावरून नुसत्या लाल पिशव्या बघून किती काम राहिलं ते सांगायची. आमची शाळा मात्र यात बुडायची. ते वाईटच होतं, त्याचं कौतुक कुणी करू नये.

टोमॅटोत नखाऐवजी चिमटा लागतो, आणि क्रॉस झालेल्या फुलाची खालची दोन हिरवी दलं कापायची म्हणजे फळ ओळखू येतं. खूण नसलेलं फळ दिसलं की तोडून फेकायचं. हे काम माझ्याकडे सहा बाया करतात. त्यांच्या आया माझ्या आईबरोबर ओळीत होत्या. मंगळवेढ्यात तुम्हाला चिमटा मिळेल, या बाया कुठून आणणार?

दुसरी गोष्ट कुठल्याच अहवालात नसते. भेंडीचं संकरित बियाणं करायचं तर चहूबाजूंनी २०० मीटर दुसरी भेंडी नको, नाहीतर तिचा पराग मिसळतो. आमच्याकडे जमिनीचे तुकडे एक-दोन एकरांचे. म्हणजे अख्ख्या भावकीला विचारावं लागतं. माझ्या चुलत दिराशी आमचं बांधावरून अकरा वर्षं बोलणं नाही. तरी माझा भेंडीचा प्लॉट असतो त्या हंगामात तो भेंडी लावत नाही, कारण पुढल्या वर्षी त्याचा प्लॉट असतो. निरोप ऑर्गनायझर नेतो.

हा ऑर्गनायझर समजून घ्या. कंपनी त्याला फाउंडेशन बियाणं, म्हणजे नर-मादीचं मूळ बी, देते, तो आम्हाला देतो, औषधाला उचल देतो, माल गोळा करतो. पैसे मात्र जीओटी झाल्यावर. म्हणजे आमच्या बियाण्यातलं थोडं पेरून झाडं खरी आली का ते बघतात. एका वर्षी माझा मिरचीचा लॉट नापास झाला. बाईची चूक की नरातच भेसळ, कंपनीकडून कुणी सांगितलं नाही. वर्षभराची मेहनत गेली. ऑर्गनायझरनं घरी येऊन चहा घेतला, शिव्या खाल्ल्या आणि पुढच्या लागवडीची उचल ठेवून गेला. तो शेजारच्या गावचा नसता तर मी नेट विकलं असतं.

पुणेरी_गणित:
काकू, प्रतिसाद जबरदस्त. पण भावकी, हवा, बाया सगळं ठीक धरलं तरी सुरुवात एका माणसानंच केली ना? १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो काही जालन्याच्या हवेला नाही. तेच सोलापुरात असते तर आज उलटा धागा निघाला असता.

निवृत्त_फिल्डमन:
मला तसं वाटत नाही. सोलापुरात असते तर समोर रब्बी ज्वारी असती. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रावर निवडीतून तयार झालं, स्वातंत्र्याच्याही आधी. सरळ वाण आहे. शेतकरी चांगली कणसं बाजूला काढतो आणि तेच पेरतो, दरवर्षी पाकीट कोण घेणार? १९६४ मध्येच सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकर आला, खरिपात चालला. रब्बीत मात्र कुठल्याच संकराला मालदांडी हटवता आली नाही. लोकांना तीच भाकरी आणि तोच कडबा हवा. जिथे बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं तिथेच बियाण्याची कंपनी उभी राहते. भेंडी आणि सरकीच्या संकरात ते जमलं, कारण संकराचं घरचं बी पुन्हा पेरलं तर पीक तसंच येत नाही.

ज्वारीवाला:
फिल्डमनसाहेब, इथे मी थांबलोच. आमच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आम्ही निघालो टोमॅटोचं बियाणं करायला! उद्याच्या बैठकीत विचारतो की यंत्राऐवजी ज्वारीची साफसफाई, पॅकिंग आणि कडब्याचं काय करता येईल. अध्यक्ष चिडतील. पस्तीस गावांच्या पाण्याचा प्रश्न ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे शेडनेटच्या नुसत्या नावानंही इथे टाळ्या पडतात.

तरी चार शेतकरी शेडनेटचा हट्ट धरून आहेत, त्यांच्याकडे शेततळी आहेत. काकू, त्यांनी तुमच्याकडे यावं का?

देऊळगावची_काकू:
या की. पण चार गडी आणू नका, त्यांच्या घरच्या बाया पाठवा, चिमटा त्यांनाच धरायचाय. सकाळी येऊन दुपारी परत निघायचं असेल तर नकोच, निम्मं काम दुपारनंतर असतं. आठ दिवस राहा. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातून शंभरातली तीस-चाळीस फुलं मोडतील, ती माझ्या मोजणीत धरू नका, मिरचीच्या वेगळ्या ओळी देते शिकायला.

आणि तुमच्याकडचा ऑर्गनायझर कोण होणार ते आधी ठरवा. संचालकांपैकी कुणी नको. ज्याच्या घरी जाऊन लोक भांडू शकतील असा बघा.

ज्वारीवाला:
एक आहे. गावात खताचं दुकान आहे त्याचं, आणि उधारी मागायला लाजतो.

देऊळगावची_काकू:
लाजतो तर बुडेल. दुसरा बघा. बायांना दिवाळीनंतर पाठवा, लॉज करू नका, माझ्याकडे जागा आहे.